न हलणारा आकडा

तारापूरच्या कारखान्यांत झुंबर आव्हाडला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे कुठल्याही गेजच्या काचेवर नखाने टिचकी मारल्याशिवाय तो आकडा वाचत नसे. दुसरी म्हणजे टिचकी मारूनही काटा जागचा हलला नाही, तर पुढे काही वाचतच नसे. "जिवंत आकडा हलतो," तो म्हणायचा. "आत माल उकळतोय, पंप चाललाय, आन् काटा एका जागी गप बसलाय. म्हंजे काय, ध्यान लावून बसलाय का? मीटर मेलंय. बदला." मीटर बदललं जायचं आणि काम खरोखर सुरळीत व्हायचं. इतरांच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा आयुष्यात एखाद्या वेळी होते. झुंबरच्या तत्त्वज्ञानाची दर पाळीला व्हायची आणि दर पाळीला ते पास व्हायचं. माणूस कायमचा बिघडायला एवढं पुरतं, पण ते तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

तो मूळचा पाथर्डीकडचा. आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा कोर्स करून, एका मामाच्या ओळखीने बोईसरला तात्पुरता म्हणून आला आणि तात्पुरताच राहिला. फक्त मध्ये निम्मं आयुष्य गेलं. कंपन्यांच्या पाट्या बदलल्या, ठेकेदार बदलले, नाल्याच्या पाण्याचे रंग बदलले. झुंबर तोच राहिला. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, उजव्या हाताच्या बोटाचं नख थोडं वाढवलेलं.

लग्नाचं वय झालं तेव्हा त्याच्या गावाकडच्या मुलींचे बाप "तिकडची हवा बरी नाही" म्हणून नकार देत. ते खरंच होतं. मग कंपनीतल्या एकाने माकुणसारचं स्थळ आणलं. नारळी-पोफळीची वाडी, थोडी भातशेती, पिढ्यान्पिढ्या तिथलंच घर. असलं घर घाटावरच्या ठेकेदारी कामगाराला मुलगी का देतंय, हा प्रश्न झुंबरलाही पडला होता. उत्तर मुलीच्या बापाने, नरहरी राऊतांनी, पहिल्याच बैठकीत दिलं.

"आमी लपवणार नाय," ते म्हणाले. "पोरीच्या काळजाला भोक होतं. आठव्या वर्षी मुंबईला नेऊन शिवलंय. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, आता ठणठणीत हाय, घरी न्या आणि विसरून जा. पण आमच्या जातीतले विसरत नायत."

आजूबाजूच्या सगळ्या गावांतली चांगली स्थळं पत्रिका जुळत नाही असं सांगून गेली होती. एवढ्या पत्रिका एकाच मुलीशी न जुळणं हाही एक योगच म्हणायचा.

झुंबरने विचारलं, "शिवलं ना पण?"

"शिवलं. पॅच लावून."

"मग झालं की. आमच्याकडं रिपेर केलेला पीस नव्यापेक्षा जास्त चालतो."

बैठकीतले सगळे मोकळे हसले. नरहरींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात इतकं दिलदार वाक्य कोणी बोललं नव्हतं. दाराआड पोह्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या उषाने ते ऐकलं आणि जपून ठेवलं. पुढे संसारात ते तिला फार कामी आलं. झुंबरने उकडहंडी चाखून मान डोलावली की ती म्हणायची, "मग? पीस चालतो ना?" आजारी सासूला उचलून बाथरूममध्ये नेऊन आणलं की, "बघा, अजून वॉरंटीत हाय." प्रतीक्षा जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या खाटेवरून पहिलं वाक्य हेच. झुंबर दर वेळी हसायचा. आपण एकदा चांगलं बोललो होतो, याची आठवण बायको काढते आहे, असं त्याला वाटे.

उषाची जीभ ही त्या घरातली सगळ्यात कामसू वस्तू होती. बोईसरला चित्रालयच्या बाजारात मासेवाल्या तिच्याशी भाव करायच्या आधी एकमेकींकडे बघून घेत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात, लिफ्ट नसलेल्या त्या इमारतीत, कोण कुठल्या मजल्यावर काय शिजवतं, कोणाचा मुलगा कोणाच्या गाडीवर बसतो, हे सगळं तिच्याकडून कळायचं आणि ऐकावंसं वाटायचं. झुंबर पाळीवरून येई, पाय धुई आणि जेवता जेवता दिवसभराच्या बातम्या ऐकत बसे. स्वतः फारसा बोलत नसे. गरज पडत नसे.

छातीवरचा व्रण ब्लाउजच्या आत होता आणि डॉक्टरांनी दिलेलं 'विसरून जा' हे औषध दोन्ही घरांनी एकही दिवस न चुकता घेतलं. पुन्हा तपासायला यायचं असतं, वर्षा-दोन वर्षांनी कागद काढून बघायचा असतो, असं कोणी सांगितलं होतं का, हे आता ठरवता येणार नाही. सांगितलं असलं तरी तेही विसरले.

गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास उषा माहेरी जाऊन आली. सफाळ्याहून बोईसरपर्यंत गाडीत सगळं ठीक होतं. इमारतीचा जिना चढताना मात्र दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. हातात माहेरच्या शहाळ्यांची पिशवी.

"काय झालं?" झुंबरने वरून विचारलं.

"आत मोटार लागलीय."

"दम लागला असंल. वजन किती उचललंय."

"दम नाय ओ. वाडीत पाणी लावायची मोटार असते ना, तशी. बसले तरी तेवढीच, चालले तरी तेवढीच. बंद करायला बटणच सापडत नाय."

हे तिने त्याच शब्दांत पुढे कितीदा सांगितलं, याचा हिशेब नाही. आधी झुंबरला सांगितलं, मग प्रतीक्षाला फोनवर, मग माकुणसारच्या वहिनीला, कमळीला. कमळी म्हणाली, पाळी जायचं वय झालं, असंच होतं. शेवटी झुंबरने करोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र कपाटातून काढलं.

उषाच्या बोटावर नाडीचा आकडा आला एकशे सव्वीस.

"जास्ती हाय," तो म्हणाला. "जरा पडून र्‍हा."

ती पडली. अर्ध्या तासाने एकशे सव्वीस. त्याने तिला जिना उतरून चढायला लावलं. ती शिव्या देत खाली गेली, वर आली, दारात भिंतीला टेकली. ओठ पांढरे झाले होते. एकशे सव्वीस. दुपारी ती झोपली असताना त्याने हलकेच तिचं बोट यंत्रात घातलं. एकशे सव्वीस.

झुंबरचा चेहरा उजळला. इतके दिवस बायकोला काय होतंय याची त्याला धाकधूक होती. आता प्रश्न त्याच्या हातात आला होता. आकडा हलत नव्हता.

घाईने निष्कर्ष काढणारा तो माणूस नव्हता. त्याने यंत्र स्वतःच्या बोटाला लावलं : चौऱ्याहत्तर. जिना चढून आला : एकशे चार. बसला : नव्वद, ब्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. म्हणजे मीटर जिवंत होतं. मग उषाच्याच बोटावर का अडकतं? यालाही त्याच्या धंद्यात उत्तर होतं. टाकीपासून मीटरपर्यंत जी बारीक नळी येते, ती चोंदली की चांगलं मीटरही एका आकड्यावर गोठतं. आतल्या दाबाची बातमी बाहेर पोचतच नाही.

"टॅपिंग चोक झालंय तुझं," त्याने तिला सांगितलं. "रक्त कमी हाय. बोटापर्यंत पोचत न्हाय, म्हणून मीटर जुनाच आकडा धरून बसतं."

"आकडा जुना नाय. मला आतून तेवढंच लागतंय."

"तुला काय आतून आकडे दिसत्यात?"

"आकडे नाय दिसत. मोटार ऐकू येते. आणि ती पण तेच सांगते, जे तुमचं मशीन सांगतंय."

हे वाक्य झुंबरने ऐकलं. तेव्हा त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. मशीन आणि बायको दोघं एकच सांगत होती, आणि त्याने दोघांनाही नादुरुस्त ठरवलं.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते भले गृहस्थ. बाहेर बाकावर उन्हात माणसं बसलेली, आत पंख्याखाली ते. त्यांनी कार्डिओग्राम काढला. कागदाच्या डोक्यावर यंत्रानेच इंग्रजीत छापून दिलं होतं की ठोके वेगात आहेत, एरवी तक्रार नाही. डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं. झुंबरला बरं वाटलं. आपल्याला हवं ते सांगणाऱ्या यंत्राला त्याने टिचकी मारली नाही.

"टेन्शन घेता का?" डॉक्टरांनी उषाला विचारलं.

"घ्यायला कशाला लागतं? घरपोच येतं."

डॉक्टर हसले. "लहानपणी काही आजार?"

"काळजाचं ऑपरेशन झालंय. भोक होतं."

"किती वर्षांची होतात?"

"आठ."

"मग ते झालं आता," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तोच जुना मोठा डॉक्टर बोलल्यासारखा वाटला, आणि त्यामुळेच सगळ्यांना विश्वास आला. रक्त तपासलं. ते खरंच कमी निघालं. इथल्या कुठल्याही बाईचं तपासा, कमीच निघतं. झुंबरने डॉक्टरांना चोंदलेल्या नळीचा सिद्धान्त समजावून सांगितला, आणि डॉक्टरांना तो आवडला. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर आणि झोपेची अर्धी गोळी.

घरी आल्यावर झुंबरने यंत्र त्याच्या खोक्यात घातलं. चुकीचा आकडा दाखवणारं मीटर लाइनवर ठेवायचं नसतं, असा कारखान्याचा नियम आहे, बघणारा फसतो. गंमत म्हणून त्याने कारखान्यातून आणलेली लाल चिठ्ठी, 'नादुरुस्त, वापरू नये' अशी, तारेने त्या खोक्याला बांधली आणि खोकं कपाटाच्या वर टाकलं. उषा खाटेवरून बघत होती.

"मला पण एक बांधा," ती म्हणाली.

बीट-खजुराने उषाच्या गालांवर थोडी लाली आली की नाही, यावर घरात मतभेद होते. पाय मात्र सुजायला लागले. चपलेचे पट्टे वळ उमटवून जात. ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरेनाशी झाली आणि बाजारातल्या मासेवाल्यांनी झुंबरला बोंबील हव्या त्या भावात विकले. "एकदा मुंबईला दाखवूया ना," ती म्हणायची. "जिथं शिवलं तिथंच. शिवलेलं उसवलं असंल तर त्यांनाच कळेल." झुंबर नाही म्हणाला नाही. तो म्हणाला, शटडाउन होऊ दे. वर्षातून एकदा सगळा प्लांट बंद करून प्रत्येक मीटर उतरवून तपासतात. त्या काळात त्याला सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. प्रत्येक मीटर. नंतर ठेकेदार बदलला. नंतर प्रतीक्षाची पालघरच्या औषध दुकानातली नोकरी पक्की व्हायची होती. त्याला बायकोची काळजी नव्हती असं म्हणणं चुकीचं ठरेल. रोज सकाळी लोहाची गोळी तो स्वतः हातावर ठेवायचा.

होळी झाल्यावर एका सकाळी उषा त्याचा डबा भरत होती. "ते सूप द्या," ती म्हणाली.

"सूप कशाला?"

"ते ओ. ते... वरचं." ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. मग हसली, आणि हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. उजव्या हातातला डाव ओट्यावरून घरंगळत खाली पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू डावाने काही तरी उद्धटपणा केला होता. "आबा," ती म्हणाली. आबा म्हणजे नरहरी. ते वारून बरीच वर्षं झाली होती.

शेजारच्यांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं. पालघरला पोचेपर्यंत प्रतीक्षा दुकानातून धावत येऊन उभी होती. तिथे डोक्याचा फोटो निघाला. रक्ताची गाठ मेंदूत जाऊन अडकली होती, डाव्या बाजूला, जिथे बोलणं असतं. प्राथमिक काय करायचं ते करून त्यांनी मुंबईला न्यायला सांगितलं.

मनोरला हायवे लागेपर्यंतचा रस्ता काही फार मऊ नव्हता. ॲम्ब्युलन्स खड्ड्यांतून उडत होती, भोंगा चालू होता, उषाचं डोकं प्रतीक्षाच्या हातांत डुलत होतं. वर लावलेल्या पडद्यावर हिरवी रेघ धावत होती आणि कोपऱ्यात आकडा होता. एकशे सव्वीस. खड्डा आला, एकशे सव्वीस. उषाने डोळे उघडले, काही बोलायला गेली, बोलता येईना म्हणून घाबरली, रडली. आकड्याला त्यातलं काही कळलं नाही.

झुंबर उठला आणि पडद्यावर नखाने टिचकी मारली.

"काका, टीव्ही नाय तो," सोबतचा अटेंडंट म्हणाला. "बसा."

"अडकलंय."

"नवीन आहे. मागच्या महिन्यात बसवलाय."

झुंबरने पुन्हा टिचकी मारली. मग बसला. त्याच्या लक्षात आलं की हे दुसरं मीटर आहे. त्याला नळी नव्हती, ते बोटाला नव्हतं. छातीवर थेट चिकट्या लावल्या होत्या. दोन वेगळी मीटरं एकाच चुकीच्या आकड्यावर अडकत नाहीत. शिकाऊ पोरांना हे तो पहिल्या आठवड्यात सांगत असे. पुढचा सगळा रस्ता तो पडद्याकडे न बघता बसला होता.

मुंबईच्या रुग्णालयात डोक्याचे डॉक्टर बघून गेल्यावर हृदयाच्या ठोक्यांची एक डॉक्टरीणबाई आली, भाविका मेहता नावाची. वय पस्तिशीचं, केस घट्ट बांधलेले. तिने काही न विचारता आधी खाटेवरच्या पडद्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. झुंबरला ते बघणं ओळखीचं वाटलं.

"हा आकडा हलतच नाहीये," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मॅडम मी."

"आधी कधी हृदयाचा त्रास? ऑपरेशन वगैरे?"

"न्हाय. काय न्हाय. एकदम फिट होती." तो खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्याच्या डोक्यात खरोखर काही नव्हतं. इतक्या वर्षांचं 'विसरून जा' हे औषध अंगात मुरलं होतं.

उषा त्याच्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, नुसता श्वास बाहेर आला. मग तिने डावा हात उचलला. त्याला सलाइन लावलेलं होतं, नळी ताणली गेली. हात तिने आपल्या छातीच्या मधोमध ठेवला आणि दाबून धरला. डॉक्टरीणबाईने हात हलकेच बाजूला करून गाऊनची नाडी सोडली. जुनी, पांढरी, सरळ रेघ होती.

"हे काय आहे मग?" ती झुंबरला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

प्रतीक्षाने सगळं सांगितलं. झुंबर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता. त्याचा काटा हलत होता.

त्यानंतर त्यांनी शिरेतून एक इंजेक्शन दिलं. त्याने काही क्षण हृदयाचा खालचा भाग थांबतो, असं आधी सांगितलं होतं; तरी रेघ सपाट झाली तेव्हा प्रतीक्षाने बापाचं मनगट धरलं. रेघ पूर्ण सपाट नव्हती. ठोक्यांचे उंच डोंगर निघून गेल्यावर त्यांच्या पायथ्याशी बारीक लाटा दिसत होत्या, एकसारख्या, घाईने एकामागून एक चाललेल्या. इतके महिने त्या डोंगरांआड लपून चालत होत्या. मग डोंगर परत आले.

डॉक्टरीणबाईने कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. "हृदयाच्या वरच्या कप्प्यात करंट गोल फिरतोय. हे पुष्कळांना होतं. पण नेहमीच्या पेशंटमध्ये तो ठरलेल्या वाटेने फिरतो, कागदावर करवतीच्या दातांसारखं दिसतं, कोणीही ओळखेल. यांच्यात तसं नाही. लहानपणी कप्पा उघडून शिवला, तिथे व्रण राहिला. व्रणातून करंट जात नाही, म्हणून त्याला वळसा घालतो. वळसा घालता घालता तिथेच फिरत बसलाय. वर मिनिटाला दोनशे बावन्न. खाली त्यातला एकाआड एक ठोका सोडला जातो."

"एकशे सव्वीस," झुंबर म्हणाला.

"हो. झोपलं तरी तेवढेच, चाललं तरी तेवढेच. साधं हृदय घाबरलं की पळतं, झोपलं की सावकाश होतं. हे फिरणाऱ्या करंटचं ऐकतं, माणसाचं ऐकत नाही. साध्या कागदावर ते नुसतं वेगात चाललेलं हृदय वाटतं. अशा पेशंटमध्ये फसायला होतं. आणि कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त साचतं, गाठ होते." पुढे ती गाठ कुठे गेली ते तिने सांगितलं नाही. ते समोर खाटेवर होतं.

"म्हंजे मीटर बरोबर होतं."

"कुठलं मीटर?"

"घरचं. बोटाला लावायचं."

"त्यावर काय दिसायचं?"

"हेच."

"कधीपासून?"

"भातकापणीपासून."

डॉक्टरीणबाईने चित्राचा कागद बाजूला ठेवला. "आराम करताना, जिना चढून, झोपेत, असं वेगवेगळं बघितलं होतं का कोणी?"

"मी बघितलं. सगळं बघितलं."

"मग निदान तुमच्या घरातच झालं होतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता. पेशंटच्या नातेवाइकाने इतक्या पद्धतशीरपणे निरीक्षण केलेलं तिने क्वचित पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तिला खरोखर कौतुक वाटलं होतं. झुंबरला कोणी आयुष्यात याहून वाईट बोललं नव्हतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मेंदूचे डॉक्टर हो म्हणाल्यावर रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. काही आठवड्यांनी पुन्हा नेऊन, घशातून दुर्बीण घालून कप्प्यात आणखी गाठ नाही ना ते बघितलं. मग मांडीच्या शिरेतून तारा वर नेऊन हृदयाचा आतून नकाशा काढला. तो नकाशा नंतर झुंबरला दाखवला, लाल, पिवळा, हिरवा, जांभळा. मधे करडा पट्टा होता, तो व्रण. व्रणाच्या कडेची वाट त्यांनी जाळून बंद केली. ती बंद झाल्यावर आकडा उतरला, पण नीट झाला नाही. करंटने दुसरी वाट धरली होती, नेहमीच्या पेशंटांची. तीही जाळली. तेव्हा कुठे हृदय थांबलं, एक क्षण विचार केल्यासारखं, आणि स्वतःच्या चालीने चालू लागलं. डॉक्टरीणबाईने बजावलं की व्रण आहे तोवर तिसरी वाट निघू शकते, गोळी आयुष्यभर चुकवायची नाही, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. विसरून जा, असं ती म्हणाली नाही.

झुंबर कामावर परतला. पहिल्याच आठवड्यात इंद्रजीत नावाचा जौनपूरकडचा ऑपरेटर त्याला शोधत आला. "झुंबरभाई, तीन नंबर का टेम्परेचर अटक गया है. सुबह से एक ही रीडिंग. बदल दो."

झुंबर गेला. काचेवर टिचकी मारली. आकडा हलला नाही. तो तसाच उभा राहिला.

"बदल दो ना," इंद्रजीत म्हणाला. "आप ही बोलते हो, मर गया."

"पहिलं आत बघा," झुंबर म्हणाला. "माल थांबवा. आत काय चाललंय ते हातानं बघा."

त्याने बॅच थांबवायला लावली. सुपरवायझर आला, मोठा साहेब आला. टाकी थंड करून, झाकण उघडून, दुसरं मीटर घालून बघेपर्यंत पाळी संपत आली आणि माल वाया गेला. आत सगळं ठीक होतं. मीटरच मेलेलं होतं. आयुष्यभर बरोबर ठरलेला नियम त्याने मोडला, तेव्हा तो पुन्हा बरोबर ठरला.

"तुला काय झालंय झुंबर?" सुपरवायझरने विचारलं, बऱ्यापैकी प्रेमाने. मग त्याला स्टोअरमध्ये टाकलं. तिथे तो नवी मीटरं खोक्यांतून काढून देतो. ती अजून कशालाच जोडलेली नसतात, त्यामुळे चुकत नाहीत.

घरी उषा खिडकीशी खुर्चीत बसते. उजव्या हाताची बोटं मिटलेली असतात. व्यायाम शिकवणारी बाई येते, बोटं उघडून जाते, ती पुन्हा मिटतात. बोलणं एकेका शब्दाचं. हवा तो शब्द येतोच असं नाही. पाणी मागायचं असलं की 'वाडी' म्हणते, आणि स्वतःलाच राग येऊन मान फिरवते. जेवताना झुंबरला आता चमच्याचा आवाज ऐकू येतो. इमारतीत कोण काय शिजवतं, हे त्याला माहीत नसतं.

परवा माकुणसारहून कमळी आली. वाडीतलं अळू, दोन नारळ. तिने उषाच्या तोंडावरून हात फिरवला, टिपं गाळली, मग चहा पिऊन झाल्यावर तिला हुरूप आला.

"तब्येत सुधारली हां," ती म्हणाली. "पायाची सूज पण नाय. शांत झाली एकदम. आधी किती तडतड तडतड करायची."

झुंबरने कपाटावरून खोकं काढलं होतं. संध्याकाळी आकडा बघायचा असतो, डॉक्टरीणबाईने सांगितलंय. लाल चिठ्ठी अजून तारेला लटकत होती. ती काढून टाकायचं त्याच्या कधी मनात आलं नाही असं नाही. त्याने उषाचं डावं बोट यंत्रात घातलं. बहात्तर. सत्तर. चौऱ्याहत्तर.

"काळजाचं काय बोलला डॉक्टर?" कमळीने विचारलं.

"जुनी शिवण होती ना, तिथं करंट फिरत होता. ते जाळून बंद केलं आता. म्हंजे..." पुढचा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. धंद्यातला साधा शब्द, रोजचा, माकुणसारच्या त्या पहिल्या बैठकीत वापरलेला. तो थांबला.

उषा त्याच्याकडे बघत होती. तिच्या गळ्याची शीर हलली. ओठ एका बाजूला ओढले गेले, पुन्हा जुळले, पुन्हा ओढले गेले. आजारानंतर दोन शब्द तिने एकापुढे एक ठेवले नव्हते.

"पीस," ती म्हणाली. बराच वेळ गेला. "चालतो."

"काय ग? काय मागते ती?" कमळी पुढे सरकली. "काय देऊ, उषा?"

"काय न्हाय," झुंबर म्हणाला. "जुनं काहीतरी आठवलं तिला."

यंत्र अजून बोटावरच होतं. आकडा चौऱ्याहत्तरवरून एक्क्याऐंशीवर गेला, मग अठ्ठ्याऐंशीवर, मग शहाण्णववर. हसण्याने की रागाने, ते यंत्रावर दिसत नाही.